गालातले पोहे

८ एप्रिल, मंगळवार

ही डायरी मॅडमनी होळीच्या सुमाराला दिली आणि पहिलं अक्षर आज पडतंय. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर डायरी कुणाच्यातरी टेम्पोत राहिली. ती परत आली तेव्हा कव्हरवर चहाच्या ग्लासाचं गोल उमटलं होतं, त्या गोलाचं माकड करण्यात एक दुपार गेली. माकड चांगलं जमलं. पण खरं कारण म्हणजे कंटाळा.

मॅडम म्हणजे डॉक्टर विद्युल्लता कर्णिक. कामतघरला लूमच्या गल्लीच्या तोंडाशी, पहिल्या मजल्यावर त्यांचा दातांचा दवाखाना. खाली दिवसभर कापड विणणारे लूम खडखडतात, त्यामुळे खुर्चीशेजारचं चूळ भरायचं पाणीसुद्धा ग्लासात थरथरत असतं. मॅडमचा हात थरथरत नाही. मी पेशंट आत सोडतो, हत्यारं धुऊन मशीनमध्ये घालतो, आणि कुणी घाबरलं तर त्याच्याशी काहीबाही बोलतो. हे शेवटचं काम मला बरं जमतं. याआधी मी गोडाऊनला होतो, टेम्पोवर होतो, मधे सुरतला जाऊन आलो, अकरावीला दोनदा बसलो. कुठंच बूड टिकलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "तू एक गोष्ट सांगायला लागतोस आणि भलत्याच चार सांगतोस. लिहीत जा. निघाला होतास कुठे, ते तुझं तुला तरी कळेल."

राहायला मी शेलारला, तुळजा आत्याकडे. घरात आत्या, तिची सासू आक्का, आणि मी. आत्याचे मालक वारल्यापासून त्या दोघीच होत्या, भांडायला तिसरं कुणी नव्हतं. आता मी आहे, तरी त्या आपापसातच भांडतात.

१० एप्रिल, गुरुवार

आज एक गोष्ट कळली आणि डोकं गरगरलंय.

रामनाथ नावाचा लूमवाला आला होता. दाढा काळ्या, हिरड्यांच्या कडेला पोखरलेल्या. मॅडमनी विचारलं, मीठा खाते हो?

"मीठा तो मैं छूता ही नहीं, डॉक्टर साब. चाय भी फीकी."

"शिफ्ट में क्या खाते हो?"

"खारी, पाव. मुँह में दबा लिया, उधर लूम देख लिया."

"और कुल्ला?"

"कुल्ला करने जाऊँ तो इधर धागा टूट जाता है."

तो गेल्यावर मी म्हटलं, बिचारा, गोड खात नाही तरी दात गेले. नशीब. मॅडमनी आपल्या डब्यातून पोळीचा तुकडा तोडला. "तोंडात ठेव. चघळ, पण गिळू नकोस." मी चघळत राहिलो. खालच्या लूमच्या तालावर. थोड्या वेळानं पोळी गोड लागायला लागली.

"साखर लावलीय का?"

"तूच केलीस साखर."

मला चेष्टा वाटली. मग त्यांनी दोन झाकणांत भाताची पेज घेतली. एकात मला थुंकायला लावलं. जरा थांबून दोन्हींत जखमेवर लावायचं तपकिरी आयोडीन टाकलं. साधी पेज शाईसारखी निळी-काळी झाली. माझ्या थुंकीची मात्र तपकिरीच राहिली. तिच्यातलं पीठ गेलं होतं. मी केलं होतं म्हणे ते, काही न करता.

लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं. पिठाच्या लांबच लांब साखळ्या असतात, त्या ते कात्रीसारखं कातरतं आणि त्यातून साखर निघते. भात, पाव, खारी, सगळ्यात पीठ. ही कात्री नुसती लाळेत फिरत नाही, दातावर जो चिकट थर बसतो, ज्याला मॅडम प्लाक म्हणतात, त्यातही जाऊन बसते. तिथल्या जंतूंपैकी काही तर तिलाच धरून बसतात. कात्री कातरते, जंतू खातात, खाऊन आम्ल सोडतात, आणि त्या आम्लात दात विरघळतो.

मी म्हटलं, "म्हणजे लाळ फितूर आहे."

मॅडमना ते आवडलं नाही. "लाळच तोंड धुते. लाळच आम्ल मारते. दातातून गेलेलं कॅल्शियम लाळच परत आणून देते. जंतू मारणारी दुसरी एन्झाइम्ससुद्धा तिच्यातच असतात. दिवसभर, कुणी सांगितल्याशिवाय. तुझ्याकडून एक ट्रे वेळेवर येत नाही."

घरी येताना निजामपुऱ्यातून आलो. जिन्यांचे कोपरे, भिंती, सगळं पिचकाऱ्यांनी लाल. रोज बघतो. आज पहिल्यांदा वाटलं, केवढा माल वाया घालवतात लोक.

१३ एप्रिल, रविवार

शेजारच्या चिंधूकाकांच्या मुलीचं, भावनाचं लग्न झालं. लग्नाचं जेवण, मांडव, नवऱ्याचा मामा रुसला ते, सगळं सोडून देतो. लिहायचं आहे आत्याबद्दल.

आत्या धवलारीन. आमच्याकडे भटजी नसला तरी चालतं, धवलारीन नसली तर हळदसुद्धा लागत नाही. प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवळा म्हणतात, ते कुठं लिहिलेलं नाही, आत्याच्या तोंडात आहे. तिच्याआधी ते आक्काच्या तोंडात होतं. आक्काचा श्वास पुरेना तेव्हा तिनं सुनेला दिलं, आणि तेव्हापासून आजतागायत तिला सुनेचं एकही गाणं पसंत पडलेलं नाही. "घाई करते," म्हणते.

आत्या गायला बसली की बघत राहावं. पदराच्या गाठीतून चिमूटभर पोहे काढते, डाव्या गालात सारते, डोळे मिटते. पोहे असले की घसा सुकत नाही. ही आक्काची शिकवण. ते गालात भिजत राहतात आणि आत्या गात राहते, एक गाणं संपलं की गिळते आणि पुन्हा चिमूट. मी लहानपणापासून बघतोय. मला तर वाटायचं आवाज पोह्यांतूनच येतो. हल्ली तिची गाठ पूर्वीपेक्षा मोठी असते. गाणीही वाढली असतील.

आज नवरीला हळद चढत असताना ती मधेच अर्धा श्वास थांबली. दोन बोटं तोंडात घातली, काहीतरी काढलं, पोह्यांच्याच गाठीत बांधलं, आणि पुढची ओळ उचलली. मांडवात कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर तिच्या प्रत्येक "स"मधून शीळ निघत होती एवढंच. सगळं लग्न तिनं तसं गाऊन लावलं. पाठवणी झाल्यावर गाठ सोडून मला दाखवलं. अर्धा दात.

असं माणूस मी पाहिलं नाही. माझं बोट चेमटलं तर मी नोकरी सोडतो.

मांडवाच्या खांबाला टेकून आक्का बसली होती. आत्याच्या गाण्याबरोबर तिचेही ओठ हलतात, आवाज न करता. दात तुटला तेव्हा ते थांबले. नंतर म्हणाली, "घाई करते, म्हनून तुटला."

१४ एप्रिल, सोमवार

आत्याचा डावा गाल सुजलाय. बॅटरी मारून बघितलं. वरखाली डाव्या बाजूचे दात हिरडीपाशी तपकिरी, मऊ, रामनाथचे होते तसे. उजवीकडे बरेच बरे. गेल्या वर्षी असं काहीच नव्हतं.

मी म्हटलं, "उद्या मॅडमकडे चल."

"न्हाय. पुढच्या मंगळवारी बाजारातल्या दातवाल्याकडं जाते. सगळेच उपटून टाकते. एकदाची कटकट जाईल."

"आणि गाणी?"

"गानी बंद. कवळी घालून धवळे म्हनू? नवरीच्या डोक्यावर पडंल ती."

"मॅडम कदाचित वाचवतील."

"धवलारनीच्या तोंडात कोन हात घालतं काय रं? माझी गानी हायत तिथं."

"तो बाजारातला घालणारच ना हात?"

"तवा गानी गेली असतील," आत्या म्हणाली. "मग घालू दे."

ती हे अगदी शांत म्हणाली, भाजी निवडता निवडता.

आक्का चुलीपाशी होती. "मना बघ," म्हणाली, "या वयात एक दात हालत न्हाय माझा. आताच्या बायकांना काय धड टिकवता येत न्हाय." मग आक्कानं एक भाकरी घेतली, डाळीच्या पाण्यात कुस्करली, इतकी की तिची पेज झाली, आणि ताटली आत्याकडे ढकलली. "घे. करपलेली हाय, कोंबड्या पन खात न्हायत." करपलेली नव्हती, मी बघितली. उगाच टोचून बोलायची सवय. म्हातारपणी माणूस असं कडू का होतं कोण जाणे.

१७ एप्रिल, गुरुवार

मॅडमना सगळं सांगितलं. एका मित्राची नागपूरची ट्रिप आलीय, ट्रकवर सोबत चल म्हणतो. मी नंतर सांगतो म्हटलं. हे कसं झालं कळत नाही, मी कधी नंतर सांगतो म्हणत नाही.

मॅडम म्हणाल्या, "माणूस बघितल्याशिवाय मी काही बोलत नाही. पण ती येत नसेल तर तू माझे डोळे हो." माझ्या सांगण्यावरून त्यांनी कागदावर आत्याचे दात काढले, तपकिरी होते तिथं रेघा मारल्या. मग विचारत सुटल्या. गोड खाते? नाही. चहा? बिनसाखरेचा. बिस्किट, खारी? तोंड लावत नाही. पान, मिश्री? कधीच नाही, गळ्याला जपते. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग मला कळत नाही," म्हणाल्या. मॅडमना कळत नाही असं मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी ते असं सहज सांगितलं की माझा त्यांच्यावरचा विश्वास उलट वाढला. मला कळत नाही तेव्हा मी जोरात बोलतो.

दोन डब्या दिल्या. "एकीत आत्याची लाळ आण. दुसरीत घरातल्या कुणाचीही, ताडून बघायला."

संध्याकाळी आत्या ओट्यावर डबी घेऊन बसली. बसलीच. जीभ फिरवली, गाल आत ओढले. डबीच्या तळाला नुसता फेस. "आटलंय," म्हणाली आणि हसली, पण तोंड फिरवून. आक्कानं दुसरी डबी घेतली आणि बघता बघता भरून दिली. "आनखी पायजे? बादली आन." आत्या उठून आत गेली. आक्का पाठीमागून बघत राहिली आणि डबी माझ्या हातात आपटून ठेवली.

१८ एप्रिल, शुक्रवार

मॅडमनी दोन्ही लाळा पेजेवर टाकून बघितल्या. आत्याची एवढीशी, तरी निळं पुसलं गेलंच.

"कात्री शाबूत आहे," मॅडम म्हणाल्या. "पाणी आटलंय. गोळ्या कुठल्या घेते?"

गेल्या पावसाळ्यात आत्याला नागीण झाली होती. फोड गेले, पाठीची आग राहिली. त्यावर रोज रात्री एक गोळी असते. पाकिटाचा फोटो दाखवला. मॅडम म्हणाल्या, गोळी वाईट नाही, तिच्यामुळेच बाईला झोप लागते. पण ही गोळी तोंड कोरडं करते. देणाऱ्या डॉक्टरांशी मी बोलते, दुसरं काही देता येईल का बघू. आपल्या मनानं बंद मात्र करायची नाही, हे तिला बजावून सांग.

"म्हणजे सापडलं," मी म्हटलं.

"अर्धं. कात्रीला कातरायला काहीतरी लागतं ना. पीठ कुठून येतंय? आणि एकाच बाजूला का? दिवसभर तोंडात काय ठेवते ती?"

"काही नाही मॅडम. शप्पथ."

१९ एप्रिल, शनिवार

दुपारी पेशंट नव्हते. मी मॅडमना लग्नातल्या कीबोर्डवाल्याची गंमत सांगत होतो. त्यानं केस असे उभे केले होते की मांडवाच्या झालरीला अडकत होते. हळदीच्या वेळी तो माइक घेऊन आत्यापुढे आला, "मौसी, चालू करो, मैं सुर पकडता हूँ." आत्यानं त्याला हातानंच थांबवलं, गाठ सोडली, पोहे गालात घातले, तोवर त्यानं भलतंच वाजवायला घेतलं, मग त्याच्या केसांना...

"थांब," मॅडम म्हणाल्या. "मागे जा."

"केस?"

"केसांच्या मागे."

"कीबोर्ड?"

"मनोज. पोहे."

मी सांगितलं. गालात पोहे, गाणं संपेपर्यंत. लग्नसराईत घरी तालीम करताना पण. मॅडमनी तो दातांचा कागद काढला.

"कुठल्या गालात?"

"डाव्या."

कागदावर सगळ्या रेघा डावीकडे. मॅडमनी त्या रेघांवर बोट ठेवलं.

"मी तुला इतकं विचारलं, तेव्हा हे का नाही सांगितलंस?"

"तुम्ही खाण्याचं विचारलंत," मी म्हटलं. "ते खाणं नाही मॅडम. ते गाण्याचं आहे."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, चूक माझीच, मी प्रश्न चुकीचा विचारला. मग समजावलं. कच्चा तांदूळ असता तर कात्रीला लवकर कातरता आला नसता. पण पोहे म्हणजे भिजवून, भाजून, कुटलेला भात. तोंडात भिजला की कात्रीला लोण्यासारखा. मी विचारलं, मग आक्काचे दात कसे टिकले, ती तर जन्मभर हेच करत आली. मॅडमचे डोळे चमकले. दुसरी डबी आठवली म्हणाल्या, तिच्या तोंडात झरा आहे. साखर होत होती, पण लगेच धुऊन जात होती, आम्ल मरत होतं, दाताचं गेलेलं परत मिळत होतं. तेच पोहे, तीच कात्री. आत्याचं पाणी आटलं आणि घसा कोरडा म्हणून तिनं पोहे वाढवले. मला एकदम ती मोठी झालेली गाठ दिसली.

"वाचतील?"

"बरेच. आता थांबवलं तर. सगळे उपटण्यासारखे तर अजिबात नाहीत."

मला वाटलं जिन्यावरून न उतरता उडी मारावी. दातांचा कागद आणि आयोडीनची बाटली मागून घेतली.

२० एप्रिल, रविवार

उडी मारली नाही ते बरं झालं.

ओट्यावर दोन वाट्या मांडल्या. एकीत नुसते भिजलेले पोहे, दुसरीत आत्याच्या गालातून काढलेले. आयोडीन टाकलं. पहिली वाटी काळीनिळी. दुसरी फिकट, कडेला तेवढी जराशी जांभळी. आत्या वाकून बघत होती.

"हे माझ्या तोंडानं केलं?"

"तुझ्या तोंडानं. पोह्यांची साखर केली."

"एवढंसं पानी हाय त्यात, तरी?" तिला बरं वाटलं. खरंच सांगतो, तिचा चेहरा उजळला. "बघ, म्हनजे काम करतंय अजून."

मग मी पुढचं सांगितलं, आणि चेहरा मिटला.

"म्हनजे पोह्यांनी दात खाल्ले म्हनतो तू?"

"पोहे, आणि कोरडं तोंड, दोन्ही मिळून."

"ज्या पोह्यांवर मी गायला शिकले, त्यांना नाव ठेवतो? ते गालात नसलं तर मना पयली ओळ आठवत न्हाय, माहीत हाय तुना?" मग ती वळली. "ऐकलं काय, आक्का? तुमच्या पोह्यांनी माझं दात खाल्लं म्हनतो हा."

आक्का उंबऱ्यात लसूण सोलत होती. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. पण ती सूप तसंच टाकून उठली आणि आत गेली.

"दुखावलंस म्हातारीला," आत्या म्हणाली. "बस आता. मंगळवारी सगळं उपटून येते, मग पोहे न्हाय, गानं न्हाय, कुनाला त्रास न्हाय."

मी नाही दुखावलं, तूच म्हणालीस, असं तोंडावर आलं होतं. मी वाट्या धुवायला घेतल्या.

संध्याकाळी अंगणात कोंबड्या पोहे टिपत होत्या. डबा पालथा. आक्काला विचारलं तर म्हणाली, "कीड लागली होती." चांगले पांढरे पोहे होते, मला एकही किडा दिसला नाही. रागाच्या भरात माणूस कशावर राग काढेल सांगता येत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

दवाखान्यात बसून लिहितोय. आज आत्याचा बाजारात जायचा दिवस. सकाळी ती नवी साडी नेसली, जशी लग्नाला जाताना नेसते. मी म्हटलं, मी सोबत येतो. म्हणाली, "तू ड्युटीवर जा. तू आलास की तोंड चालवशील." अंगणात एकटी उभं राहून ती काहीतरी गुणगुणत होती. हळदीचं नव्हतं, पाठवणीचं होतं. मी निघून आलो.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, आपण सांगायचं ते सांगितलं, तोंड तिचं आहे. पण त्यांनी सकाळच्या एका पेशंटला पुढची वेळ दिली आणि खुर्ची रिकामी ठेवलीय. दोनदा खिडकीशी जाऊन आल्या. मीही. खाली रामनाथ दिसला, लूमवरून बाहेर येऊन चूळ भरत होता. भरली आणि आमच्याकडे बघून हात वर केला. मॅडमनी पण केला.

नागपूरवाल्याला नाही म्हणून कळवलं. लाळेसाठी राहतोय म्हटलं तर हसेल.

खाली रिक्षा थांबली.

आत्या नाही. आक्का आहे. गेली कित्येक वर्षं ती शेलारच्या बाहेर पडलेली नाही. एकटी. जिना चढतेय, कठड्याला धरून, काखेत पिशवी.

वर आली. लूमच्या आवाजाला एक शिवी दिली. मॅडमना आपादमस्तक बघून घेतलं.

मी विचारलं, "आत्या गेली का बाजारात?"

"कुठं जाते." आक्कानं पिशवी उघडून दाखवली. आत आत्याच्या चपला. "अनवानी बाजारात जानार न्हाय ती. मिजास हाय तिला. घर धुंडाळतेय."

मग ती खुर्चीत चढून बसली, पदर नीट केला आणि मॅडमना म्हणाली, "आधी माझं तोंड बघा. मी घालू दिला हात म्हनजे तिला बोलायला जागा न्हाय. आनी पोहे मी दिलं होतं तिला. आता गाताना गालात काय धरायचं, ते पन मनाच सांगा. मी सांगितलं तरच ती ऐकंल."

मॅडम हातमोजे चढवतायत. मला दिवा पुढे ओढायला सांगतायत.